जुनाट दाह, ऊतींतल्या राखीव पेशी आणि पांढऱ्या पेशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. आठवडा सूक्ष्मदर्शकावर जातो आणि महिन्यातला एखादा रविवार सोलापूरच्या पूर्व भागात, विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांत आरोग्यावर बोलण्यात. बोलणं संपलं तरी प्रश्न संपत नाहीत, ते पुढे कितीतरी दिवस फोनवर येत राहतात. त्यांतले जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. हे वाचून कुणी आपलं औषध स्वतःच सुरू किंवा बंद करू नये, एवढी कळकळीची विनंती.

१. डॉक्टर म्हणाले, "आत इन्फ्लमेशन आहे." म्हणजे जंतुसंसर्ग झालाय का?

असेलच असं नाही. इन्फ्लमेशन म्हणजे दाह. बोटात बाभळीचा काटा मोडला की तिथे लाल होतं, गरम लागतं, सुजतं आणि ठणकतं. ही चार लक्षणं रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकातच लिहून ठेवली आहेत. दुखावलेल्या जागी रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून पाणी आणि पांढऱ्या पेशी बाहेर येतात आणि साफसफाई सुरू होते. याला जंतू लागतातच असं नाही. मुका मार, गाऊटमधले युरिक आम्लाचे स्फटिक, फुप्फुसात गेलेली धूळ, आपल्याच मेलेल्या पेशी, यांपैकी काहीही पुरतं. म्हणून प्रत्येक सुजेला अँटिबायोटिक द्यायचं नसतं.

पेशी धावून येतात हे पहिल्यांदा नीट पाहिलं ते इल्या मेचनिकॉव्ह यांनी. १८८२ साली इटलीतल्या मेसिना इथे त्यांनी समुद्रातल्या तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला पाहिला. पुढे १९०८ चं नोबेल त्यांना पॉल एर्लिच यांच्याबरोबर मिळालं.

२. मग "जुनाट" कधी म्हणायचं? किती दिवस झाल्यावर?

कॅलेंडर थोडं बाजूला ठेवा. साधारणपणे आठवडे, महिने टिकलेल्या दाहाला आम्ही जुनाट म्हणतो. पण स्लाइडवर मी दिवस मोजत नाही, तिथे कोण बसलंय ते पाहते. ताज्या दाहात न्यूट्रोफिल या अल्पायुषी पांढऱ्या पेशी भरलेल्या दिसतात. अस्थिमज्जा रोज सुमारे १० हजार कोटी न्यूट्रोफिल बनवते आणि त्या काही तासांत किंवा फार तर काही दिवसांत मरतात. जुनाट दाहात त्यांच्याऐवजी लिम्फोसाइट, प्लाझ्मा पेशी (याही पांढऱ्या पेशीच) आणि मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या मोठ्या पेशी, मुक्काम ठोकून असतात. शिवाय मोडतोड, डागडुजी आणि व्रण तयार होणं हे तिन्ही एकाच वेळी चाललेलं असतं. आमवात (सांध्यांचा दाह), सोरायसिस, दमा, आतड्याचा क्रोन्स आजार, क्षय, डायबेटिसची न भरणारी जखम, या सगळ्यांत हेच चित्र कमीजास्त प्रमाणात दिसतं.

३. राखीव पेशी म्हणजे काय? त्याच स्टेम सेल ना?

सख्ख्या बहिणी म्हणा. आपल्याकडे घरात ज्वारी कितीही कमी पडली तरी बियाण्याची वेगळी बांधून ठेवलेली असते, तिला खाण्यासाठी हात लावत नाहीत. शरीरातल्या बहुतेक ऊतींमध्ये अशा पेशी राखलेल्या असतात. स्टेम सेल, म्हणजे मूलपेशी, स्वतःसारखी दुसरी पेशी दीर्घकाळ बनवत राहू शकते. प्रोजेनिटर ही तिची पुढची पिढी. तिची दिशा बरीचशी ठरलेली असते आणि विभाजनंही मोजकी होतात. व्यवहारात सीमारेषा पुसट आहे, म्हणून इथे दोघींना मिळून "राखीव पेशी" म्हणते.

स्नायूच्या धाग्याला चिकटून बसलेली सॅटेलाइट पेशी १९६१ मध्ये अलेक्झांडर मावरो यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. आतड्याच्या अस्तराच्या खाचांतल्या मूलपेशी २००७ मध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने नक्की ओळखल्या. त्यांच्या जोरावर आतड्याचं अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होतं. केसांच्या मुळाशी, श्वासनलिकेच्या तळाशी, फुप्फुसाच्या वायुकोशात, चरबीत, अस्थिमज्जेत, सगळीकडे त्यांची आपापली जागा आहे.

४. पांढऱ्या पेशी तर रक्तात असतात. "ऊतीत राहणाऱ्या" कुठून आल्या?

बऱ्याचशा आपण आईच्या पोटात असतानाच. यकृतातल्या कुप्फर पेशी, मेंदूतल्या मायक्रोग्लिया, फुप्फुसातले मॅक्रोफेज यांचे पूर्वज गर्भाला जोडलेल्या पीतककोश या पिशवीतून किंवा गर्भाच्या यकृतातून आले आणि तिथेच राहिले. त्यांतल्या अनेक पेशी रक्तातून भर न पडताही जागच्या जागी आपली संख्या टिकवतात. त्यांना गावकरी समजा आणि रक्तातून येणाऱ्यांना बाहेरून आलेली कुमक. बाहेरची कुमक जोराने लढते, गावकरी सहसा शांतता राखतात. निरोगी सांध्यात तर आतल्या अस्तरावर मॅक्रोफेजचा एक सलग थर भिंतीसारखा उभा असतो. आमवातात ती भिंत फुटते.

५. राखीव पेशी आणि पांढऱ्या पेशी, या दोघींचा एकमेकींशी संबंध काय? जखम भरायला एक आणि लढायला एक, असं नाही का?

सगळे असंच समजतात. मीही शिकताना हे दोन वेगळ्या धड्यांत शिकले होते. पण ऊतीत या दोघी सतत एकमेकींशी बोलत असतात आणि दाह संपणार की मुरणार हे त्या बोलण्यावरच ठरतं. स्नायूचं उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे, म्हणून तेच सविस्तर घेते.

मार्केट यार्डात कांद्याची गोणी उचलताना हमालाच्या पाठीत उसण भरली असं समजा. स्नायूचे काही धागे तुटले. पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल आले, मागोमाग रक्तातून आक्रमक मॅक्रोफेज आले. ते टीएनएफ नावाचं रसायन सोडतात, मेलेले धागे खाऊन टाकतात, आणि त्याच गडबडीत सॅटेलाइट पेशी जाग्या होऊन वाढू लागतात. म्हणजे सुरुवातीचा दाह दुरुस्तीला हवाच असतो.

स्नायूत आणखी एक राखीव पेशी असते. ती २०१० मध्ये ओळखली गेली आणि तिचं नाव फायब्रो-अ‍ॅडिपोजेनिक प्रोजेनिटर. नाव लांबलचक असलं तरी काम सोपं आहे. ती स्वतः स्नायू बनत नाही, पण दुरुस्तीच्या दिवसांत सॅटेलाइट पेशींना आधार देते आणि आयएल-३३ हा संदेश पाठवते. त्या संदेशावर नियामक टी पेशी (प्रश्न ७) तिथे गोळा होतात. या टी पेशी मॅक्रोफेजना आक्रमकपणा सोडायला लावतात, आणि त्यांनी सोडलेलं अ‍ॅम्फिरेग्युलिन थेट सॅटेलाइट पेशींना कामाला लावतं. दोन दिवसांपूर्वी लढणारे मॅक्रोफेज आता डागडुजीला मदत करू लागतात.

मग त्या वाढलेल्या आधार-पेशींचं काय होतं? काम झाल्यावर त्यांनी कमी व्हायला हवं. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की आक्रमक मॅक्रोफेजचा टीएनएफच त्यांना मरणाचा संदेश देतो. पण इजा रोजच होत राहिली आणि दोन्ही प्रकारचे मॅक्रोफेज एकाच वेळी गर्दी करून राहिले, तर टीजीएफ-बीटा हे दुसरं रसायन या पेशींना वाचवतं. त्या उरतात आणि स्नायूच्या जागी तंतू आणि चरबी तयार करू लागतात. ड्युशेन या स्नायूंच्या आनुवंशिक आजाराचं उंदरांतलं प्रतिरूप तपासताना नेमकं हेच दिसलं. पेशी त्याच, रसायनं त्याच कुटुंबातली, फक्त वेळापत्रक चुकलं.

मला या विषयाचं मर्म इथेच वाटतं. जुनाट दाहात बऱ्याचदा नवा शत्रू कुणीच नसतो, आपल्याच दोन पेशींमधला "आता थांबूया" हा निरोप पोहोचलेला नसतो.

६. सूज आपोआपच विझते ना? त्यासाठी वेगळं काय लागतं?

कारण संपलं की आग विझते, असंच बरीच वर्षं मानलं जायचं. पण विझवणं हे वेगळं काम आहे. मॅक्रोफेज मेलेले न्यूट्रोफिल गिळतात आणि गिळता गिळता स्वतःचा स्वभाव बदलतात. त्याच वेळी शरीर मेदाम्लांपासून खास निरोप्ये बनवतं. लिपॉक्सिन १९८४ मध्ये सापडली. पुढे चार्ल्स सेर्हान यांच्या गटाने ओमेगा-३ मेदाम्लांपासून बनणारी रिझॉल्व्हिन शोधली. ही रसायनं नव्या न्यूट्रोफिलना थोपवतात आणि सफाईला वेग देतात. मेलेल्या पेशी वेळेत उचलल्या गेल्या नाहीत तर त्या फुटतात, आतला माल सांडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

७. नियामक टी पेशी म्हणजे काय? त्यांना नोबेल मिळालं म्हणे.

त्यांच्या शोधाला मिळालं, २०२५ चं वैद्यकाचं. जपानचे शिमॉन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवलं की टी पेशींमधला (हा लिम्फोसाइटचाच एक प्रकार) एक छोटा गट हल्ला करत नाही, इतरांना आवरतो. मेरी ब्रुंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये फॉक्स-पी-३ हे जनुक शोधलं. ते बिघडलं की हा गट तयारच होत नाही. असं बिघडलेलं जनुक घेऊन जन्मलेल्या मुलग्यांना तान्हेपणीच आतड्याचा दाह, इसब आणि डायबेटिस एकदम गाठतात. आवरणारी पेशी नसली तर काय होतं, याचा याहून दुःखद पुरावा नाही.

आपल्या विषयासाठी महत्त्वाचं हे की या पेशी रक्तात फिरतात तशाच ऊतींत मुक्कामालाही असतात, आणि तिथे त्यांचं काम आवरण्यापुरतं राहत नाही. स्नायूतलं प्रश्न ५ मध्ये आलं. त्वचेत त्या केसांच्या मुळाशी असतात आणि तिथल्या मूलपेशींना जागं करतात. पोटाच्या चरबीतल्या गटाविषयी प्रश्न १३ पाहा.

८. माझा सोरायसिसचा चट्टा औषधाने जातो आणि परत त्याच कोपरावर येतो. जागा तीच का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा वाटतं की त्यांचंच काहीतरी चुकलं, खाण्यात काही आलं. तसं समजू नका. त्या जागेला आठवण राहिलेली असते, आणि ती दोन ठिकाणी साठते.

पहिली आठवण टी पेशींची. दाह ओसरला तरी काही टी पेशी त्वचेतच वस्ती करून राहतात. त्या रक्तात परतत नाहीत, पण थोडा इशारा मिळताच त्याच जागी पेटतात. हीच गोष्ट औषधाच्या डागात दिसते. जुलाबाची किंवा तापाची ठरावीक गोळी घेतली की दरवेळी ओठावर किंवा हातावर त्याच जागी काळपट गोल डाग उठतो, त्याला फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात. असं होत असेल तर त्या गोळीचं नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरांना दाखवा.

दुसरी आठवण राखीव पेशींची, आणि ती कळली तेव्हा आम्हा सगळ्यांनाच आश्चर्य वाटलं. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात श्रुती नाईक आणि एलेन फुक्स यांच्या गटाने उंदरांच्या त्वचेवर दाह घडवला, तो पूर्ण शमू दिला, आणि नंतर तिथे जखम केली. एकदा दाह होऊन गेलेली त्वचा सुमारे अडीच पट वेगाने भरली, सहा महिने उलटल्यावरसुद्धा. त्वचेच्या मूलपेशींमध्ये डीएनएची काही पानं उघडीच राहिली होती, म्हणून पुढच्या वेळी वाचायला वेळ लागला नाही. जखमेसाठी हा फायदा आहे. सोरायसिससारख्या आजारात हीच तयारी उलटी पडत असावी, अशी दाट शंका आहे.

माणसांत याचा पुरावा नाकातून आला. नाकात वारंवार कोंब वाढणाऱ्या रुग्णांच्या अस्तरातल्या मुळाशी असलेल्या राखीव पेशी २०१८ मध्ये तपासल्या, तेव्हा त्यांच्यात अ‍ॅलर्जीच्या रसायनांची आठवण कोरलेली आढळली. शस्त्रक्रियेने कोंब काढले तरी ते परत का येतात, याचं एक उत्तर तिथे आहे.

९. आईच्या तळपायाची जखम तीन महिने भरत नाही. साखर आता बरी आहे. मग अडलंय कुठे?

अशा जखमेचा तुकडा टेबलावर आला की मी आधी कडा पाहते. जखमेच्या तळाशी गुलाबी, मेलेला थर असतो आणि त्यात न्यूट्रोफिलचे जांभळे ठिपके. ते तिथे तीन महिन्यांनंतर असायला नकोत. कडेला त्वचेच्या पेशी जाड ढीग करून थांबलेल्या दिसतात. वाढतात, पण जखमेवर सरकत नाहीत. मध्ये मॅक्रोफेज आहेत, पण ते अजून लढाईच्या स्वभावातच आहेत.

साखर दीर्घकाळ जास्त राहिली की मॅक्रोफेजचा स्वभाव बदलणं अडखळतं, बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात, आणि राखीव पेशींपर्यंत हवे ते निरोप पोहोचत नाहीत. आजची साखर बरी असली तरी आधीच्या काही वर्षांचा परिणाम लगेच पुसला जात नाही. तीन गोष्टी मात्र लगेच तपासून घ्या: पायाचा रक्तपुरवठा, हाडापर्यंत संसर्ग गेलाय का, आणि जखमेवर चालताना भार पडतोय का. मेलेला थर डॉक्टरांकडून काढून घेणं आणि भार हलका करणारी चप्पल, या दोन साध्या उपायांनी मी कितीतरी जखमा भरताना पाहिल्या आहेत. खूप जुनी जखम अचानक वाढायला लागली, कडा उंच झाली, तर तुकडा तपासून घ्या. तिथे क्वचित कर्करोग होतो.

१०. सूतगिरणीत होतो. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती भरून यायची. आता रोजच दम लागतो. हा दमा का?

तुम्ही सांगितलेलं "सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी" हे फार मोलाचं आहे, डॉक्टरांना आवर्जून सांगा. बिसिनोसिस हा कापसाच्या धुळीचा आजार असाच सुरू होतो. कापूस पिंजण्याच्या आणि कार्डिंगच्या खात्यात धूळ सर्वांत जास्त, मागावर तुलनेने कमी. त्या धुळीत जिवाणूंचं एन्डोटॉक्सिन हे विष असतं. फुप्फुसातले मॅक्रोफेज त्याला जंतूच समजून पेटतात.

सुरुवातीला धुळीपासून दूर गेलं की छाती मोकळी होते. वर्षानुवर्षं रोज तेच घडलं की श्वासनलिकेच्या तळाच्या राखीव पेशी वेगळा माल बनवू लागतात. केसाळ झाडू-पेशी कमी होतात, चिकट कफ बनवणाऱ्या वाढतात. वायुकोशात प्रयोगांनी आणखी एक गोष्ट दाखवली. दाहाचं आयएल-१-बीटा हे रसायन थोडा वेळ आलं तर तिथल्या राखीव पेशी दुरुस्तीला लागतात, पण येतच राहिलं तर त्या अर्ध्या वाटेत अडकतात, पूर्ण पेशी बनतच नाहीत. म्हणून धूळ थांबली तरी दम पूर्ण जात नाही. स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची श्वासाची तपासणी, करून घ्या आणि विडी-सिगारेट असेल तर आजच थांबवा.

११. मी विडी ओढत नाही, फक्त वळते. आणि मिश्री लावते. याने काही होतं का?

होतं, ताई. मांडीवर सूप घेऊन दिवसाला शेकड्यांनी विड्या वळणाऱ्या बायकांचे हात मी जवळून पाहिले आहेत. पानाचं तोंड दुमडून दुमडून अंगठ्याच्या टोकाशी कातडी जाड आणि भेगाळलेली असते, भेगांत तंबाखूची पिवळसर रेघ बसलेली. त्या भेगांमधून निकोटिन शिरतं, आणि उडणारी पूड श्वासाबरोबर आत जाते. वळताना नाकातोंडाला पदर किंवा मास्क, खिडकीशी बसणं, आणि जेवायच्या आधी साबणाने हात धुणं एवढं तरी कराच. पोरांना सुपाशेजारी झोपवू नका.

मिश्रीचं मात्र जास्त गंभीर आहे. ती भाजलेली तंबाखूच आहे. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर आहेच, शिवाय हिरड्या कायम सुजलेल्या राहतात. २०२२ मध्ये उंदरांवर झालेला एक प्रयोग सांगते. हिरड्यांचा जुनाट दाह असलेल्या उंदरांची अस्थिमज्जा निरोगी उंदरांना दिली, तर त्यांना सांध्यांचा दाह जास्त जोराने झाला. हिरडीची आठवण मज्जेतल्या रक्तपेशींच्या राखीव पेशींपर्यंत गेली होती. सांधे धरणाऱ्या बाईचं तोंड तपासावं असं मी म्हणते ते यासाठी.

१२. चिकनगुनिया होऊन आठ महिने झाले, सकाळी बोटं अजून धरतात.

विषाणू रक्तातून लवकर जातो, पण त्याचे अवशेष सांध्यातल्या मॅक्रोफेजमध्ये रेंगाळल्याचं दिसलं आहे. बहुतेकांचं हळूहळू कमी होतं. सकाळचा ताठरपणा तासाभरापेक्षा जास्त राहत असेल किंवा सांधे डोळ्यांना सुजलेले दिसत असतील, तर आमवाताच्या तपासण्या करून घ्या.

१३. पोट सुटलंय म्हणून दाह? चरबीला काय होतं?

चरबी हे निव्वळ कोठार नाही. चरबी टीएनएफ बनवते हे १९९३ मध्ये कळलं, आणि लठ्ठपणात तिच्यात मॅक्रोफेज गर्दी करतात हे २००३ मध्ये. सडपातळ माणसाच्या पोटातल्या चरबीत राखीव पेशी नव्या छोट्या चरबीपेशी बनवतात आणि आयएल-३३ पाठवून नियामक टी पेशींना सांभाळतात. वजन वाढत गेलं की नव्या पेशी बनणं मागे पडतं, जुन्याच फुगतात, काही मरतात, आणि मेलेल्या पेशीभोवती मॅक्रोफेजचं कडं बसतं. स्लाइडवर ते खरंच मुकुटासारखं दिसतं. तोवर नियामक टी पेशींची संख्या घटलेली असते आणि इन्सुलिनचं ऐकू येणं कमी होतं.

चालण्याचा उपयोग वजन घटण्याआधीच सुरू होतो. काम करणारा स्नायू आयएल-६ सोडतो, आणि त्या संदर्भात ते दाह कमी करणाऱ्या बाजूने काम करतं. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात दुपारी कुणी चालू नये, पहाटेच बाहेर पडा.

१४. सीआरपी वाढलाय. म्हणजे नेमकं कुठे बिघडलंय?

कुठे ते हा आकडा सांगत नाही. सीआरपी हे दाहात रक्तात वाढणारं प्रथिन, ते १९३० मध्ये सापडलं. आयएल-६ चा इशारा मिळाला की यकृत ते बनवतं, मग दाह दाढेत असो की फुप्फुसात. हृदयाचा धोका पाहण्यासाठीच्या अतिसंवेदनशील चाचणीत लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या खाली कमी धोका, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेला तर आधी ताजा संसर्ग शोधायचा आणि दोनेक आठवड्यांनी परत तपासायचं. अहवालावरचं एकक बघायला विसरू नका. एक प्रयोगशाळा लिटरमागे लिहिते, दुसरी डेसिलिटरमागे, आणि दहापटीच्या फरकाने लोक रात्रभर झोपत नाहीत.

एक अपवाद जीव वाचवू शकतो म्हणून सांगते. आयएल-६ अडवणारं टोसिलिझुमॅब ज्यांना चालू आहे, त्यांचा सीआरपी मोठा संसर्ग असतानाही जवळजवळ शून्य राहू शकतो. ताप, धाप असेल तर त्या आकड्यावर विसंबू नका.

१५. हळद, जवस, शेंगाची चटणी, यांनी दाह कमी होतो का?

जेवणात हवीतच. पण औषध म्हणून नाही. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून फार कमी शोषलं जातं. ते जास्त शोषलं जावं म्हणून मिरीचा अर्क घालून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांनी काही जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे. भाजीतल्या हळदीची भीती बाळगू नका, गोळ्यांची बाळगा. जवसात ओमेगा-३ आहे, मात्र त्याचा फार थोडा भाग शरीर माशातल्या प्रकारात बदलतं, आणि प्रश्न ६ मधली रसायनं त्या प्रकारापासून बनतात. जवसाची चटणी जरूर खा. शेंगाची चटणी मला स्वतःला रोज लागते, कडक भाकरीबरोबर, पण मीठ आणि तेलाचं माप ठेवून.

१६. मुरगळलं की लगेच पेनकिलर घ्यावी का? सूज दाबली तर भरणं लांबतं असं ऐकलं.

ऐकलंत त्यात तथ्य आहे, पण अर्धं. या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन हे दाहाचं रसायन अडवतात, आणि उंदरांत स्नायूच्या मूलपेशींना नेमकं तेच हवं असतं. २०१७ च्या एका प्रयोगात इजेच्या वेळी अशी गोळी दिलेल्या उंदरांच्या स्नायूची ताकद कमी भरून आली. माणसांत निष्कर्ष एकसारखे नाहीत. माझं मत असं: सहन होत नसेल तर दोन-तीन दिवस घ्या, वेदनेने न झोपणं हेही बरं नाही. पण महिनोन्‌महिने दुकानातून आणून घेऊ नका, मूत्रपिंड आणि जठर त्याची किंमत मोजतात. आमवातात सूज दाबायलाच हवी, तिथे हा हिशेब लागू होत नाही.

१७. स्टेरॉइडने दोन दिवसांत बरं वाटतं. मग डॉक्टर बंद का करतात?

खरंच बरं वाटतं. १९४८ मध्ये अमेरिकेत आमवाताच्या रुग्णांना पहिल्यांदा दिलं तेव्हा अंथरुणातली माणसं चालू लागली, आणि १९५० चं नोबेल त्या कामाला मिळालं. पण ते सगळ्याच पेशींशी एकदम बोलतं. जखमेच्या राखीव पेशींना मंदावतं. अस्थिमज्जेतल्या ज्या पेशींनी हाड बनवायचं, त्यांना चरबीकडे वळवतं, म्हणून हाडं ठिसूळ होतात. साखर चढते. आणि आपल्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवतात. म्हणून बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड कधीही एकदम बंद करायचं नाही, डॉक्टर सांगतील तसं उतरवत न्यायचं. बिननावाच्या पुड्या घेऊन "वात" एका रात्रीत गेला असं कुणी सांगितलं, तर त्या पुडीत स्टेरॉइड असण्याची शक्यता आधी धरा.

१८. महागड्या बायोलॉजिक इंजेक्शनआधी टीबीची तपासणी का करायला लावतात? मला टीबी कधी झालाच नाही.

कदाचित शरीराने तो कोंडून ठेवला असेल. क्षयाच्या जंतूभोवती मॅक्रोफेज आणि टी पेशी गाठ बांधतात. हा जुनाट दाह आहे, पण तो आपलं रक्षण करतो. ती गाठ घट्ट ठेवायला टीएनएफ लागतं, आणि यांतली बरीच बायोलॉजिक इंजेक्शनं नेमकं तेच अडवतात. ते अडवलं की कोंडलेला जंतू सुटू शकतो, हे २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब हे असंच इंजेक्शन घेणाऱ्यांत स्पष्ट दिसलं. आपल्या देशात टीबीसाठीची कातडीवरची मँटू किंवा रक्ताची इग्रा चाचणी आणि छातीचा एक्स-रे टाळून हे इंजेक्शन घेऊच नये.

१९. मग दाह पूर्णच बंद करणारं औषध सगळ्यांना का देत नाहीत?

हृदयासाठी हे करून पाहिलं आहे. २०१७ च्या कँटोस चाचणीत १०,०६१ जणांवर आयएल-१-बीटा अडवणाऱ्या औषधाचा प्रयोग झाला. तीन महिन्यांतून एकदा १५० मिलिग्रॅम घेतलेल्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताच्या घटना सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या, पण जीवघेणे संसर्ग वाढले. प्रश्न १८ वाचलात तर कारण कळेल.

२०. गुडघ्यात स्टेम सेलचं इंजेक्शन घ्यावं का? पोटाच्या चरबीतून काढून लगेच देतात म्हणे.

पूर्व भागातल्या एका कुटुंबाने यासाठी मुलीच्या लग्नाचे पैसे मोडले. गुडघा तसाच राहिला. म्हणून हे उत्तर हात राखून देत नाही.

ज्यांना मेझेनकायमल स्टेम सेल म्हणतात, त्या टोचल्यावर नवी कूर्चा (सांध्यातलं मऊ हाड) बनवतात असं लोकांना सांगितलं जातं. शिरेतून दिल्या तर बहुतेक फुप्फुसात अडकतात आणि काही दिवसांत नाहीशा होतात. जो परिणाम दिसतो तो त्यांनी सोडलेल्या रसायनांचा, आणि त्यांना गिळून शांत झालेल्या मॅक्रोफेजचा. हे नाव १९९१ मध्ये रूढ करणारे अर्नोल्ड कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये लिहिलं की नाव बदला, लोकांची दिशाभूल होते.

अमेरिकेत गुडघ्याच्या झिजेवर तीन प्रकारच्या पेशींची तुलना साध्या स्टेरॉइड इंजेक्शनशी केली. २०२३ मध्ये निकाल आला: वर्षभरानंतर एकही प्रकार सरस ठरला नाही. क्रोन्सच्या भगंदरासाठी युरोपने २०१८ मध्ये मंजूर केलेलं पेशींचं औषध पुढच्या चाचणीत टिकलं नाही आणि २०२४ मध्ये मागे घेतलं गेलं. दुसरीकडे, मज्जारोपणानंतर स्टेरॉइडला न जुमानणाऱ्या गुंतागुंतीसाठी मुलांना द्यायचं अशा पेशींचं औषध अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर केलं. भारतातही दात्याच्या मज्जेतून वाढवलेल्या पेशींच्या एका औषधाला तंबाखूमुळे होणाऱ्या बर्जर रोगासाठी, आणि पुढे गुडघ्याच्या झिजेसाठी मान्यता मिळाली आहे. म्हणजे सगळंच खोटं नाही. पण मंजूर औषध आणि दवाखान्यात चरबी काढून तासाभरात टोचणं, या दोन गोष्टी एक नव्हेत. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्यता नसलेला असा वापर फक्त नोंदणीकृत चाचणीतच करता येतो. चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. औषधाचा परवाना किंवा चाचणीचा नोंदणी क्रमांक लेखी मागा, आणि मिळाला नाही तर उठून या.

२१. वय झालं की सगळंच दुखतं. हा दाहच का?

बराचसा. २००० साली क्लाउडिओ फ्रान्चेस्की यांनी वयाबरोबर वाढणाऱ्या मंद दाहाला वेगळं नावच दिलं. सत्तरीनंतर दहातल्या एकाहून जास्त जणांत मज्जेतली एखादी बदललेली मूलपेशी स्वतःचाच वंश वाढवत बसते आणि तिच्यापासून बनणारे मॅक्रोफेज जास्त तापट असतात. यावर सरसकट तपासणी किंवा औषध घ्यायची वेळ अजून आलेली नाही. दात, रक्तदाब, साखर आणि चालणं सांभाळा.

२२. गरोदरपणात माझे सांधे आपोआप बरे झाले. बाळंतपणानंतर पुन्हा धरले. औषध सोडलं म्हणून झालं का?

तुमचा दोष नाही. पोटातलं बाळ अर्धं परक्याचं असतं, ते स्वीकारलं जावं म्हणून नियामक टी पेशी वाढतात आणि संप्रेरकंही दाह आवरतात. आमवात असलेल्या निम्म्या किंवा त्याहून जास्त बायकांना त्या महिन्यांत आराम पडतो, आणि बाळंतपणानंतर पहिल्या काही महिन्यांत आजार उचल खातो. ल्युपस या दुसऱ्या दाहाच्या आजारात मात्र असं गृहीत धरू नका, तो गरोदरपणातही भडकू शकतो. पुढचं मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना सांगा. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध काही महिने आधी थांबवावं लागतं, त्याच्या जागी गरोदरपणात चालणारं औषध देता येतं, आणि बाळंतपणानंतर अंगावर पाजताना कोणती गोळी चालेल हेही तेव्हाच ठरवून ठेवता येतं.